पत्राची मागची बाजू

मंगळवारी दुपारी एक बाई दुकानात आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक शर्ट काढून माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, नवीन गिऱ्हाईक. सवयीने मी आधी कॉलर उलटली. आत पक्क्या काळ्या शाईत अर्धा चंद्र होता आणि त्याखाली तीन टिंबं. खूण माझ्याच हातची होती.

"कोणाची?" बाईंनी विचारलं.

"घड्याळजींची."

एकोणीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी, याच शर्टावरून मला हेच विचारलं होतं आणि मी हेच उत्तर दिलं होतं. त्या उत्तरावर एक माणूस जन्मठेपेवर गेला, तो अजून आत आहे.

बाई पोलिसांतल्या होत्या. साधे कपडे, धुळीने भरलेले बूट, वय चाळिशीच्या आसपास. त्यांच्याकडे जुनी, निकाल लागून बंद झालेली प्रकरणं असतात, असं त्यांनी सांगितलं. वरिष्ठांशी पटत नाही म्हणून मला मेलेल्यांच्या खात्यात टाकलंय, म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. मी स्टूल पुढे केलं. सून काउंटरवर बसून बटणं शिवत होती, तिची सुई थांबली.

ज्यांना ते प्रकरण आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं जुनं शहर म्हणजे दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या. समोरून कोणी गाठोडं घेऊन आलं तर आपण भिंतीला पाठ लावायची. आमच्या लाँड्रीपासून दोन गल्ल्या सोडून घड्याळजींचं दुकान होतं. बुटका, रुंद छातीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांची बायको जिन्यावरून पडून गेली. बायकोचा भाऊ, म्हणजे त्यांचा मेहुणा, वेशीबाहेरच्या चुनाभट्टीवर कामाला होता. तो भर चौकात उभा राहून म्हणायचा, जिन्याला बोल लावू नका, जिना कोणाला ढकलत नाही. मी याला सोडणार नाही, असंही म्हणायचा, आणि ते शंभर जणांनी ऐकलं होतं. त्याने अर्ज केले, चौकशी सुरू व्हायची वेळ आली, आणि घड्याळजी नाहीसे झाले. आठ दिवसांनी पोलिसांना निनावी चिठ्ठी आली, भट्टीत बघा. विझवलेल्या चुन्याच्या खड्ड्यात प्रेत मिळालं. चेहरा आणि हात ओळखण्यासारखे राहिले नव्हते. अंगाखाली दबल्यामुळे शर्ट मात्र बराचसा शाबूत होता, कॉलरसकट.

खूण वाचायला मला बोलावलं. मी वाचली. आमच्या धंद्यात माणूस तोंडावरून ओळखत नाहीत. शेकडो गाठोडी येतात, कोण कोणाच्या हाती पाठवतो, आपण कॉलर उलटायची आणि खुणेप्रमाणे लावायचं. खूण म्हणजे माणूस. पोलिसांनीही तसंच धरलं आणि मेहुण्याला उचललं.

बाईंनी शर्टाच्या काखेकडे बोट दाखवलं. दोन्हीकडे शिवण उसवली होती. बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या, एकोणीस वर्षांत घडी तशीच कडक झाली होती.

"काका, घड्याळजी स्वतःच्या मापाचे शर्ट शिवून घेत नव्हते का?"

मी म्हणालो, चांगला शिंपी होता त्यांचा. मग बाईंनी फाइल उघडून एक पान माझ्यासमोर सरकवलं. वाचता येतं ना, असं विचारलं. येतं, म्हणालो, उशिरा आलं पण येतं. डॉक्टरांनी प्रेत तपासून लिहिलेलं ते पान होतं. मी बोट ठेवून सावकाश वाचत गेलो. उंची घड्याळजींपेक्षा जास्त लिहिली होती, पण चुन्याने मापात फरक पडू शकतो असंही पुढे होतं. मग खाली एक ओळ होती. पायांत बूट असल्याने पावलांची कातडी शिल्लक आहे; बोटांच्या बेचक्यांत जुन्या, खोल चिखल्या आहेत.

मी टेबलाखाली माझे पाय मागे घेतले.

"घड्याळजी दिवसभर कोरड्या दुकानात गादीवर बसायचे," बाई म्हणाल्या. "त्यांना चिखल्या कशाने होतील? चिखल्या पाण्यात उभं राहणाऱ्याला होतात." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, हे मला कळलं. "लाँड्रीवाले गिऱ्हाइकांचे कपडे एखाद्या दिवसापुरते उसने देतात, असं ऐकलंय. खरं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे तसलं काही नाही."

सून खोकली. तिच्या लग्नाच्या फोटोत माझ्या मुलाच्या अंगावर जो कोट आहे, तो एका दंतवैद्याचा आहे. हे तिला लग्नानंतर कळलं आणि तेव्हापासून घरात कुठेही कोटाचा विषय निघाला की ती विचारते, दात कसे आहेत कोटाचे. धंद्यातले सगळे उसनं देतात आणि धंद्यातला कोणीही कबूल करत नाही. गिऱ्हाइकाला कळलं तर पुन्हा गाठोडं येत नाही. त्यामुळे नाही हा शब्द माझ्या तोंडून विचार न करता गेला. पण या वेळी त्याच्यामागे दुसरंही काही होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तो शर्ट तुम्ही कोणाला दिला होता?

तो मी माझ्या धाकट्या भावाला दिला होता.

बाईंनी वाद घातला नाही. घड्याळजी मेलेच नाहीत, असं मला वाटतं, एवढंच त्या म्हणाल्या. भट्टीत बघा ही चिठ्ठी त्यांच्याच हातची असावी. त्यांच्या दुकानातल्या दुरुस्तीच्या पावत्या फाइलीत आहेत, अक्षर जुळतंय. पण वरचे साहेब म्हणतात, दोन कागदांवरून काय सिद्ध होणार. तिसरा कागद हवा. शुक्रवारी मेहुण्याचा अर्ज पुन्हा कोर्टात आहे. त्याच्या फुफ्फुसांत काही राहिलेलं नाही. या वेळी अर्ज फेटाळला गेला तर पुढचा अर्ज करायला तो नसेल.

"घड्याळजी गाठोड्याबरोबर कधी चिठ्ठी पाठवत असतील," त्या म्हणाल्या. "खळ कमी घाला, असं काहीबाही. जुन्या खोक्यांत बघा. ताडून बघायला ही एक पावती ठेवते. हरवू नका."

त्या गेल्या. मी पावती माझ्या अंगातल्या शर्टाच्या खिशात घातली. हातांना काही काम हवं म्हणून तयार कपड्यांच्या दांडीकडे गेलो आणि एकेका कॉलरीत बोट घालून लावलेलं बघू लागलो. शेवटून तिसरा एक पांढरा शर्ट होता. त्याच्या कॉलरीत खूण नव्हती.

"हा कोणाचा? खूण का नाही केली?"

सून म्हणाली, गिऱ्हाइकानेच नको म्हटलं. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी एक म्हातारा आला होता. दाढी, जाड चष्मा, हळू आवाज. बाकी काहीही करा पण कॉलरला खूण करू नका, म्हणाला. घाई नाही, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी नेईन. मग पुढे बराच वेळ बोलत उभा होता. जुना ओळखीचा दिसला.

"काय बोलला?"

"घरातलंच. आजी आहेत का अजून. धाकटे काका बोटीवरून पत्रं पाठवतात का. म्हटलं, एकच पत्र आलं होतं, ते आजी उशाखाली ठेवतात." ती माझ्याकडे बघत राहिली. "का? सांगायला नको होतं का?"

मला दुसरंच आठवलं. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी आम्ही दोघं गच्चीवर चादरी वाळत घालत होतो. खाली आलो तेव्हा आई अंथरुणात उठून बसली होती. कोणीतरी उशीखाली हात घालत होतं, म्हणाली, हाताला यंत्राच्या तेलाचा वास होता. आईला आता दिसत नाही. स्वप्न पडलं असेल, असं आम्ही दोघांनी तिला समजावलं. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, पण ते नेहमीच तसं असतं.

मी जाऊन मागच्या दाराला कडी घातली. मग कुलूप शोधून तेही लावलं.

आई मागच्या खोलीत असते. आल्याची तिला चाहूल लागते. घड्याळजींचं नाव कानावर आलं, कोण होतं, असं तिने विचारलं. जुनं गिऱ्हाईक, म्हणालो. मग ती म्हणाली, आलाच आहेस तर पत्र वाच.

धाकटा माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. आईला उशिरा झालेला, म्हणून तिचा जीव त्याच्यात जास्त, आणि मीही त्याला मुलासारखाच वाढवला. हौदावर माझ्या शेजारी उभा राहून तो धुवायचा आणि दिवसभर बडबडायचा. समुद्रावर जायचं त्याचं खूळ होतं. एका बोटीवर धुण्याच्या कामाला माणसं घेत होते, त्याची मुलाखत होती. त्याच्याकडे बरा शर्ट नव्हता. त्या दिवशी तयार असलेल्यांत चांगलं कापड घड्याळजींचंच होतं, तो शर्ट मीच काढून दिला. दंडात आवळतोय रे दादा, म्हणाला. मी म्हटलं, मुलाखत संपेपर्यंत श्वास कमी घे. बाह्या तोकड्या होत्या म्हणून मीच दोनदा दुमडून दिल्या. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जमलं तर तिथूनच निघतो, असं म्हणत तो पायऱ्या उतरला. तेच त्याला शेवटचं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. तेव्हा घरात कोणालाच वाचता येत नव्हतं, धाकट्यालाही नाही. शेजारच्या कंपाउंडरने ते वाचून दाखवलं. पुढे तो दुसरीकडे राहायला गेला, आणि आईला पत्र दर महिन्याला ऐकायचं असतं, म्हणून पन्नाशीत मी अक्षरं शिकलो. आज डोळे मिटूनही मला ते म्हणता येतं.

आईस व दादास नमस्कार. मुलाखत चांगली झाली. नोकरी लागली. बोट आजच सुटते आहे म्हणून घरी येता येत नाही. मला लिहिता येत नाही म्हणून एका भल्या माणसाकडून लिहवून घेतो आहे. रस्त्यात घड्याळजी भेटले. त्यांनी स्वतःचा शर्ट ओळखला, पण रागावले नाहीत, हसले. शर्ट त्यांना तिथेच परत दिला. दादाने काळजी करू नये व कोणापाशी बोलू नये. आईने वाट पाहू नये. समुद्रावरून पत्रे येत नाहीत.

दुसऱ्याच्या हातचं पत्र म्हणून आम्हाला काही वावगं वाटलं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं दुसऱ्याच्याच हातची असतात. शर्ट परत दिल्याचं ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. त्यानंतर भट्टीत प्रेत मिळालं तेव्हा मी मनाशी जुळवलं, धाकट्याने शर्ट परत दिला, घड्याळजींनी तो घातला आणि त्यातच बिचारे गेले. उसनं दिल्याचं बोलायचं कारणच उरलं नव्हतं. पत्रातही बोलू नये असंच लिहिलं होतं.

मंगळवारी मी ते वाचत असताना आईने नेहमीप्रमाणे कागदाच्या मागून बोटं फिरवली. लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंब इतकं दाबून दिलंय की कागदाच्या पाठीवर बारीक खडे उठलेत. आई त्यांना धाकट्याच्या टाचा म्हणते. दिसेनाशी झाल्यापासून तिला पत्रातलं तेवढंच हाती लागतं. ती एकेक टाच मोजत जाते.

मी वाचता वाचता दुसरा हात खिशात घातला. पावतीच्या पाठीवरून बोट फिरवलं.

तिथेही खडे होते.

मी वाचन पुरं केलं. आवाज बदलू दिला नाही. एक वाक्य गाळलं असतं तरी आईने पकडलं असतं.

बुधवारी मी काम केलं. चादरी धुतल्या, खळ घातली, नीळ दिली. डोक्यात सगळं हळूहळू, एकामागोमाग एक जागेवर बसत होतं. घड्याळजींना पळायचं होतं. रस्त्यात त्यांना स्वतःचा शर्ट घातलेला एक तरुण भेटला. त्यांनी त्याला बोलतं केलं असेल, त्याला फार बोलतं करावं लागत नसे. शर्ट लाँड्रीतला आहे, बोटीवर जायचंय, जमलं तर परत येणार नाही, घरी कोणाला वाचता येत नाही, हे सगळं त्याने हसत सांगितलं असेल. आणि घड्याळजींना माहीत होतं की कॉलर उलटून खूण वाचणारा मी आहे, आणि मी खूणच वाचणार, माणूस नाही. खड्ड्यात पडलेल्या माणसाचे पाय मला कोणी दाखवले असते तर मी ओळखले असते. पण मी पाय दाखवा म्हटलं नाही. मी कॉलर वाचली आणि घरी आलो.

जुन्या खोक्यांत शोधायची गरज नव्हती. तिसरा कागद आईच्या उशाखाली होता. तो दिला तर तो परका माणूस मरायच्या आधी सुटणार होता. आणि तो दिला तर आईला सांगावं लागणार होतं, की जो कागद उशाखाली घेऊन ती एकोणीस वर्षं झोपली, तो कोणी लिहिलाय.

सुनेला न सांगताच बरंच कळलं होतं. संध्याकाळी ती म्हणाली, "मामंजी, कोट उसना घेतला होता म्हणून काही मी घर सोडून गेले नाही. खरं बोलल्याने गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे."

गिऱ्हाइकाचं नाही गं, मी म्हणालो. मग कोणाचं, असं तिने विचारलं नाही. तिने मागच्या खोलीकडे पाहिलं आणि पुन्हा बटणाकडे वळली.

गुरुवारी सकाळी मी धुण्याला हात घातला, तेव्हा भिजू नये म्हणून खिशातली पावती काढून आईच्या पलंगाजवळच्या फळीवर ठेवली. मूर्खपणा होता. की मला तेच व्हायला हवं होतं, सांगता येत नाही. तासाभराने आत आलो तर आई भिंतीला टेकून बसली होती. फळीवर पाण्याचा तांब्या चाचपताना तिच्या हाताला पावती लागली असावी. तिने ती उलटी धरून तिच्यावर बोट ठेवलं होतं. तोंडावर असं काही होतं की मी उंबऱ्यातच थांबलो.

"दुसरं पत्र आलं," ती म्हणाली. "मला सांगितलं नाहीस."

तिने पावतीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"लहानसंच आहे. चारच टाचा. पण त्याच्याच आहेत, मला कळत नाही का? वाच."

मला काहीही म्हणता आलं असतं. बरा आहे, बोट दूरच्या बंदरात आहे, आईने काळजी करू नये. चार वाक्यं रचायला कितीसा वेळ लागतो. तिने तेही मोजून ऐकलं असतं आणि दोन कागद उशाखाली ठेवून झोपली असती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि पावतीवर जे होतं तेच वाचलं.

"मोठा काटा बदलला. आत तेल घातलं. काच जुनीच ठेवली. शनिवारी न्यावं."

आई ऐकत राहिली. हौदाच्या नळाचं पाणी बाहेर चालू राहिलं होतं, त्याचा आवाज खोलीत येत होता.

"हे पत्र नाही," ती म्हणाली.

"नाही."

"काय आहे?"

"घड्याळ दुरुस्तीची पावती. घड्याळजींच्या हातची."

तिला वेळ लागला, पण मला वाटला होता तेवढा नाही. आई मुकाट्याने सगळं पुन्हा मांडत गेली असावी. शर्ट, भट्टी, प्रेत, माझं मंगळवारपासूनचं वागणं. तिने उशीखालचं पत्र काढलं, एका हातात ते आणि दुसऱ्या हातात पावती धरून दोन्हींच्या पाठीवरून एकदाच बोटं फिरवली.

"शर्ट तू दिला होतास त्याला," ती म्हणाली.

"हो."

"दंडात आवळत होता."

"हो, आई."

तिने दोन्ही कागद माझ्या मांडीवर ठेवले. मग पांघरुणाला हात पुसू लागली. एकेक बोट घेऊन, मुळापासून टोकापर्यंत, आम्ही शाईचा डाग पुसतो तसं. बराच वेळ पुसत राहिली. मी तिचा हात धरायला गेलो तर तिने धरू दिला नाही.

"त्या मुलीला नेऊन दे," ती म्हणाली. "पोलिसातल्या. मला ऐकू येतं. आणि नळ बंद कर."

शुक्रवारी कोर्ट उघडायच्या आधी मी बाईंच्या कचेरीत गेलो. तळघरात एक खोली, छतापर्यंत फायली, एक टेबल. मी पत्र आणि पावती टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. उसन्या कपड्यांचं, धाकट्याचं, बाह्या दुमडल्याचं. मंगळवारी मी खोटं बोललो, हेही म्हणालो. बाईंनी फाइलीतून ती निनावी चिठ्ठी काढली, तिन्ही कागद उलटे करून ओळीने मांडले आणि दिव्याखाली तिरके धरले. तिन्हींच्याही पाठीवर सारखेच खडे होते, सारखेच खोल.

"अक्षराची नक्कल करता येते," त्या म्हणाल्या. "हाताच्या जोराची नाही. आयुष्यभर बारीक स्क्रू दाबलेला हात." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काका, तुमच्या भावाचं वाईट वाटतं मला."

कोर्टाने त्या दिवशी निकाल दिला नाही, पण अर्ज फेटाळलाही नाही. मेहुण्याला तुरुंगातून दवाखान्यात हलवायचा हुकूम झाला. बाईंनी मला लांबून दाखवला. चाकाच्या खुर्चीत बसलेला एक पांढरा, हाडांचा माणूस. मी जवळ जाऊन काय बोलणार होतो? गेलो नाही.

परत येताना मी बाईंना त्या बिनखुणेच्या शर्टाबद्दल सांगितलं, आणि मागच्या आठवड्यातल्या तेलाच्या वासाबद्दल. त्या चालता चालता थांबल्या. प्रकरण पुन्हा उघडल्याची बातमी महिन्यापूर्वी पेपरात आली होती, म्हणाल्या. त्याला माहीत आहे की त्याच्या हातचा एकच कागद पोलिसांबाहेर आहे. तो कागद मिळाला नाही म्हणजे तो पुन्हा येणार. शर्ट कधी न्यायचा आहे?

"उद्या," मी म्हणालो.

शनिवारी आम्ही नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं. सुनेला मी माहेरी जा म्हणालो होतो, ती गेली नाही. म्हणाली, काउंटरवर मी नसले तर त्याला संशय येईल, आणि बटणांची पेटी पुढ्यात घेऊन बसली. बाई आणि त्यांचा एक शिपाई आत इस्त्रीच्या टेबलामागे, चादरींच्या पडद्याआड बसले. पांढरा शर्ट मी दांडीवर सर्वांत पुढे लावला. आईने खुर्ची काउंटरपाशी मांडायला सांगितली. बाई नको म्हणाल्या. आई म्हणाली, मला दिसत नाही, मी कोणाला ओळखणार आहे? बसू दे.

सकाळ गेली. दोन गिऱ्हाइकं आली, गाठोडी ठेवून गेली. सुनेने एकच बटण तीनदा शिवलं. पायऱ्यांवर कोणाचं पाऊल वाजलं की मी दांडीवरचा पांढरा शर्ट सरळ करायचो आणि पाऊल पुढे निघून जायचं.

बारा वाजून गेल्यावर दारात सावली पडली.

तो बराच वाकला होता. दाढी छातीपर्यंत होती. चेहऱ्यावरून मी त्याला ओळखलं नसतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे.

"झाला का शर्ट?" हळू आवाजात त्याने विचारलं. "खूण नाही ना केली?"

"नाही केली," मी म्हणालो. शर्टाची घडी घालून कागदात बांधली. माझे हात नेहमीसारखेच चालले, त्यांचं मलाच आश्चर्य वाटलं. नेलेल्या कपड्यांची वही पुढे केली. "मिळाला म्हणून लिहा आणि सही करा. नवीन पद्धत आहे."

त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आता वाचता येतं वाटतं," तो म्हणाला.

"येतं थोडंफार."

तो किंचित हसला. पेन घेतलं आणि लिहिलं, शर्ट मिळाला. वाक्याच्या शेवटी पेनाचं टोक टेकलं आणि दाबलं.

मी ते पान वहीतून फाडलं, उलटं केलं आणि आईच्या हातात दिलं. तिने अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा. मग तिने पान मांडीवर ठेवलं आणि पदराला अंगठा पुसू लागली.

मागे चादरींचा पडदा सरकला.